कलाबाईची बाज

डोणगावात कलाबाईची बाज ठाऊक नाही असा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो पाहुणा समजावा. सागाचा सांगाडा, सुतळीची घट्ट वीण, आणि डाव्या पायावर कुऱ्हाडीचा एक घाव. हा घाव जानरावांनी लग्नाच्या वर्षी मारला होता. कशासाठी मारला ते आता दोघांनाही आठवत नव्हतं, पण चूक कुणाची होती ते कलाबाईला चांगलं आठवत होतं.

या बाजेवर कलाबाईची चार लेकरं जन्मली. गल्लीतल्या एकवीस बाळंतिणींनी हिच्यावर सव्वा-सव्वा महिना शेक घेतला. बाज कुणाला द्यायची ते कलाबाई ठरवायची, आणि जिला नाही दिली तिचं काय चुकलं ते गल्लीला मोफत ऐकवायची. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. पण तिच्यासमोर तोंड उघडण्याआधी बी.एड. झालेले मास्तरसुद्धा एकदा घसा साफ करून घेत.

अशा बाईची धाकटी लेक महामाया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आल्या दिवशीच म्हणाली, "आई, म्या पाळणा केंद्रात नाव घातलं."

पाळणा केंद्र म्हणजे गावाबाहेर रस्त्याला लागून एका ट्रस्टनं नवंच काढलेलं प्रसूती केंद्र. कलाबाईच्या मनात वेगळंच होतं. शेजारच्या मोतीरामची सून शहरातल्या चार मजली दवाखान्यात बाळंत झाली होती, तिथं लिफ्ट होती. आता लिफ्टचं आणि बाळंतपणाचं नातं काय, असं कुणी विचारलं असतं तर कलाबाईलाही सांगता आलं नसतं. पण मोतीरामच्या बायकोनं वर्षभर ती लिफ्ट गल्लीतून वर-खाली फिरवली होती, आणि कलाबाईला तिच्यापेक्षा एक मजला तरी वर जायचं होतं. पाळणा केंद्र तर बैठं निघालं.

पहिल्याच भेटीत कलाबाईनं केंद्राची तपासणी केली. म्हणजे तपासणी महामायेची होती, पण केली कलाबाईनं.

"डाक्टर कुठी हाये?"

"डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत, लागले तर येतात. गाडी चोवीस तास दारात उभी असते," समोरची मुलगी म्हणाली. "इथं प्रसूती मीच करते. मी मिडवाइफ आहे. शिकलेली सुईण म्हणा. माझं नाव स्वरदा."

कलाबाईनं तिला केसापासून चपलेपर्यंत पाहिलं. "लगन झालं काय तुहं?"

"नाही."

"मंग कसं?"

"आजी, पायलटला कुठं पंख असतात?"

कलाबाईनं पदर खोचला. हा तिचा पहिला अपमान. दुसरा खोलीत होता. खोलीत पलंगच नव्हता. जमिनीवर जाड गादी होती, एक ठेंगणं लाकडी स्टूल होतं, लेकरं खेळतात तसा पण टरबुजाच्या दसपट मोठा रबरी चेंडू होता, आणि छताच्या कडीला एक मजबूत दोर बांधला होता.

"हा दोर कायले?"

"धरून उभं राहायला. काही बायांना उभ्यानं कळा द्यायला सोपं जातं. कुणी चालतं, कुणी बसतं, कुणी ओणवं होतं. ज्या बाईला जसं बरं वाटेल तसं."

"उभ्यानं," कलाबाई म्हणाली. "गाय बी आडवी होते माय, गाय."

स्वरदा सिस्टर हसली नाही आणि चिडलीही नाही. तिनं महामायेचा रक्तदाब घेतला, पोटाला यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले, आणि सगळं ठीक असलं तरच इथं घेतो, जरा शंका आली की मोठ्या दवाखान्यात पाठवतो, असं सांगितलं. मग एक पिवळं कार्ड काढलं. कळांच्या वेळी खोलीत एक सोबतीण चालते. एकच. ती गरोदर बाईनं निवडायची, आणि तिनं गुरुवारचा वर्ग करायचा.

"माही आई," महामाया एका दमात म्हणाली.

तेव्हा कलाबाईची छाती अशी काही फुगली की केंद्राचे सगळे दोष तिनं जागच्या जागी माफ केले. पलंग सोडून.

*

गुरुवारच्या वर्गाला कलाबाईच्या सोबत तिची विहीणही आली. महामायेची सासू अन्नपूर्णाबाई नांदुऱ्याहून डोहाळेजेवणाला आली होती, ती मुद्दाम दोन दिवस राहिली. ही बाई बोलायची कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसांवर कलाबाईचा विश्वास नव्हता. ज्याच्या मनात काही नाही तो बोलेलच की.

वर्गात पाठ चोळायला शिकवलं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. कलाबाईला श्वास घेणं या वयात शिकवलं जातंय याचं तिला हसू आलं, आणि ते तिनं दाबलं नाही. मग स्वरदा सिस्टरनं नियम सांगितला. आत गेल्यावर सोबतिणीनं आरडाओरडा करायचा नाही, 'जोर लाव, जोर लाव' म्हणायचं नाही, दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

"मंग सोबत कायची?" कलाबाई म्हणाली. "माह्या नणदंच्या टायमाले म्या सारं बोलूनच तर..."

"एक," सिस्टर म्हणाली.

"एक काय?"

"एक ताकीद. तीन झाल्या की कार्ड परत."

कलाबाईनं जानरावांना आयुष्यात लाखभर ताकिदा दिल्या होत्या, पण घेतली ही पहिलीच. दुसरी चेंडूवरून झाली. चेंडूवर कसं बसायचं ते बाकीच्या बाया बघत होत्या, तेव्हा कलाबाईनं सगळ्यांना सांगितलं की आमच्या वेळी बाया पाट्यावर बसून हरभऱ्याची डाळ वाटता-वाटता बाळंत होत. आणि अन्नपूर्णाबाई? ती एका उशीची पाठ अशी हळुवार चोळत होती की उशीला झोप लागावी.

"अन्नपूर्णाबाईंकडे बघा," सिस्टर म्हणाली, "किती छान."

उशीची पाठ चोळल्याबद्दल शाबासकी. कलाबाई घरी येईपर्यंत बोलली नाही आणि घरी आल्यावर थांबली नाही.

*

आता पलंगाचा प्रश्न. माझ्या लेकीनं जमिनीवर नाही तर दोराला लटकून बाळंत व्हायचं, आणि घरात एवढी लक्ष्मीसारखी बाज उभी. कलाबाईनं ठरवलं की बाज केंद्रात न्यायची. गुपचूप नेऊन खोलीत टाकायची. एकदा टाकली की कोण काढतंय.

गल्लीनं सल्ला दिला. एकीनं म्हटलं पायांना हळदीकुंकू लाव, दुसरीनं म्हटलं ढेकणाचं औषध मार. मोतीराम म्हणाला, "वयनी, माह्या गाडीत न्या. फक्त बाज लांब हाये, मांगून बाहेर येईन. कोणीतरी वजन द्या लागन, नाहीतर उडन."

वजन म्हणजे जानराव.

तर मोतीरामच्या मालवाहू रिक्षात बाज आडवी टाकली, ती उडू नये म्हणून बाजेवर जानराव उताणे झोपले, आणि डोक्यावर ऊन मी म्हणत असल्यामुळे त्यांनी आपलं पांढरं लांबरुंद उपरणं तोंडावरून पायापर्यंत ओढून घेतलं. कलाबाई त्यांच्या उशाशी बसली. बाज हलत होती म्हणून तिनं एक हात त्यांच्या छातीवर ठेवला. हवेमुळे डोळ्यांत धूळ जात होती, म्हणून दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला.

एवढं चित्र पुरेसं होतं. स्टँडवरची माणसं उठून उभी राहिली. मोटारसायकलवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या. पानठेल्यावरच्या एकानं हात जोडले आणि म्हणाला, "देवमाणूस गेला." कलाबाईला कोण गेलं ते कळेना. चौकात आणखी एक जण म्हणाला, "जानराव म्हणजे शांत माणूस. काय काय सहन केलं बापा त्यानं."

तेव्हा तिला कळलं, आणि पहिला राग आला तो 'काय काय सहन केलं' याचा. ती गाडीतून ओरडून खुलासा करणार होती, पण जानरावांना डुलकी लागली होती आणि मोतीरामची गाडी उतारावर होती.

*

केंद्राच्या दारात रमाकांत बाबू भेटले. हे चिखलीचे. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून निवृत्त झालेले. ट्रस्टनं त्यांना पेपर्स बघायला ठेवलं होतं, पण कचेरीतून त्यांना काढता आलं तरी त्यांच्यातून कचेरी काढता आली नव्हती. बाहेरची कोणतीही वस्तू आत यायची तर ती आधी साठा-नोंदवहीत चढली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"चढवा," कलाबाई म्हणाली. तिला वाटलं, नाव लिहिलं की मान वाढतो.

रमाकांत बाबूंनी चष्मा लावला. "बाज, लाकडी, नग एक. अनुक्रमांक एकेचाळीस." मग ब्रश आणला आणि सागाच्या पायावर, कुऱ्हाडीच्या घावाच्या बरोबर वर, पांढऱ्या रंगानं ४१ काढला. सही करा म्हणाले. कलाबाईनं ती केली, कारण सही येते हे दाखवायची संधी ती सोडत नसे. 'कला' एवढंच, पण वळणदार.

मग बाज खोलीच्या दाराशी नेली. दार अरुंद, बाज रुंद. उभी केली तर पाय अडले, तिरपी केली तर डोकं अडलं. मोतीराम म्हणाला, थोडं दाबा. जानराव म्हणाले, नका दाबू. कलाबाई म्हणाली, दाबा. दाबली. बाज दारात अशी बसली की पुढं येईना आणि मागंही जाईना.

आणि खोलीच्या आत स्वरदा सिस्टर होती.

एक तास ती आत, हे बाहेर. मोतीराम करवत आणू का म्हणाला, तेव्हा कलाबाईनं बाजेचा पाय कापायचा असेल तर आधी तुझा काप म्हणून सांगितलं. शेवटी सुतार बोलावला, त्यानं दाराची चौकट अर्धी उकलली, आणि सिस्टर बाहेर आली. तिच्या अंगावर भुसा होता. आवाज मात्र रोजच्यासारखाच.

"कलाबाई, या तासात एखादी बाई कळा घेऊन आली असती तर?"

कलाबाई बाजेवरचा भुसा पुसायला लागली.

"तीन," सिस्टर म्हणाली, आणि हात पुढं केला.

पिवळं कार्ड कलाबाईच्या चोळीत होतं, घडीत, ऊब लागलेलं. तिनं ते काढून दिलं. सिस्टरनं त्यावरचं नाव खोडून शेजारी लिहिलं: अन्नपूर्णाबाई.

"मंग बाज तरी नेऊ द्या घरी," कलाबाई रमाकांत बाबूंना म्हणाली.

"आता कशी नेता?" ते म्हणाले. "नोंद झाली. बाहेर काढायची तर नोंद काढून टाकणारी निर्लेखन समिती बसावी लागेल."

"कधी बसते ते?"

"अजून नेमलीच नाही."

बाज व्हरांड्यात राहिली.

*

हात हलवत परत आले तर अंगणात पस्तीस माणसं. पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या, बाया रडायच्या तयारीत. नांदुऱ्याला फोन गेला होता आणि अन्नपूर्णाबाई पुढच्या गाडीनं निघालीसुद्धा होती. जानराव गाडीतून उतरले, गर्दी बघून घाबरले, आणि हळूच शेजारच्याला म्हणाले, "कोण गेलं बे?"

खुलासा करायला वेळ लागला. एक म्हातारे गृहस्थ तर दिवस वाया गेला म्हणून रुसूनच बसले. आलेल्या सगळ्यांना चहा करावा लागला, आणि तो कलाबाईनं केला. बाईमाणूस कितीही पडलं तरी चहाला पडून चालत नाही.

मंडळी गेली तेव्हा महामाया भिंतीला टेकून बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं.

"आई, मले तू पायजे होती," ती म्हणाली. "बाज कुठी मांगितली होती म्या?"

"जमिनीवर अन् उभ्यानं, कोणी पाह्यलं हाये असं बायंतपण कधी?"

"तू पाह्यलं. रोज पायते."

महामायेनं भिंतीकडे बोट केलं. तिथं तथागतांच्या जन्माचं चित्र होतं. लुंबिनीचं वन, सालवृक्ष, आणि त्याची फांदी वर हातानं धरून उभी महामाया राणी. सत्तावीस वर्षं कलाबाई त्या चित्राला मेणबत्ती लावत होती. त्याच चित्राखाली बसून तिनं लेकीचं नाव ठेवलं होतं.

"सांग आता," लेक म्हणाली, "हिच्याखाली बाज कुठी हाये?"

कलाबाईनं चित्राजवळ जाऊन पाहिलं. फांदी होती, फुलं होती, दासी होत्या. बाज नव्हती. तिनं पदरानं काच पुसली, न जाणो धुळीखाली असेल. नव्हती.

त्या दिवशी कलाबाई जेवली, पण बोलली नाही. जानरावांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी हाये ना.

*

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. अन्नपूर्णाबाई नांदुऱ्याहून दुखवट्याला म्हणून आलेली, ती राहिलीच होती. मोतीरामच्या गाडीतून सगळे केंद्रात गेले. या वेळी जानराव बसून होते. कलाबाईनं तशी सक्तच ताकीद दिली होती.

अन्नपूर्णाबाई कार्ड घेऊन आत गेली. चौकट नव्यानं बसवलेलं दार बंद झालं. कलाबाई व्हरांड्यात, अनुक्रमांक एकेचाळीसवर बसली. आपल्याच बाजेवर, परक्यासारखी. आतून लेकीचं कण्हणं यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. या हातानं जिची टाळू भरली तिच्या आणि आपल्या मध्ये एक पिवळा कागद आला, आणि तो आपल्याच तोंडानं आणला, हे कलाबाईला कळत होतं. जानरावांना ते सांगायचं तर चूक कबूल करावी लागली असती, म्हणून तिनं त्यांना नीट बसा म्हटलं.

एक वाजला. दार उघडलं. अन्नपूर्णाबाई बाहेर आली, घामानं भिजलेली.

"ईनबाई, तुमी जा."

"कार्ड तुमचं हाये."

"पाठ म्या चोळली दोन घंटे. पोरगी पाठ करून राह्यली माह्याकडं अन् डोये दाराकडं. तुमाले शोधून राह्यली ते." तिनं कार्ड कलाबाईच्या हातात दिलं. "सिस्टरले म्या इचारलं. हाव म्हणली. फक्त तोंड..."

"माईत हाये," कलाबाई म्हणाली, आणि पदराचं टोक दातांत धरून आत गेली.

महामाया दोर धरून उभी होती. आईला पाहिल्याबरोबर तिनं दोर सोडला, आणि दोन्ही हात आईच्या गळ्यात टाकून सगळं वजन तिच्यावर दिलं. कलाबाई डुगडुगली, मग पाय रोवून उभी राहिली.

"अस्संच," स्वरदा सिस्टर खालून म्हणाली. "हलू नका. झाडासारखं उभं राहा."

कलाबाई झाड झाली. एक कळ गेली, दुसरी गेली. पदर दातांत. मान अवघडली, खांद्यात लेकीची नखं रुतली, पण तोंडातून शब्द नाही. आणि तिसऱ्या कळेला महामाया थरथरायला लागली. श्वास अडकला, अंग आखडलं.

"आई," ती म्हणाली, "तू बोलून काऊन नाई राह्यली? काय झालं? लेकराले काय झालं काय?"

घरात कलाबाई गप्प झाली म्हणजे काय, ते लेकीला ठाऊक होतं. मामा गेला तेव्हा ती गप्प होती. दादाला साप चावला त्या दुपारी गप्प होती. बाकी सगळी वर्षं बोलतच होती, आणि त्या सगळ्या वर्षांत कुणाला काही झालं नव्हतं.

सिस्टरनं यंत्र लावून ठोके ऐकले. घोडा पळावा तसे, ठणठणीत. तिनं वर पाहिलं.

"कलाबाई, बोला."

कलाबाईनं पदर न सोडता मान हलवली. तीन झाल्यात.

"कार्डाचं मी बघते. तुम्ही बोला."

पदर सुटला आणि मग सुटलंच सगळं. "कायी नाई झालं माय, ठणठणीत हाये तुहं लेकरू, झालं तं तुह्या बापाले झालं, जित्तेपणी मयतीले नेला त्याले म्या, अन् तो मुर्दा उतरून इचारते कोण गेलं बे. तो मोतीराम करवत आणून राह्यला, तो बाबू माह्या बाजीवर नंबर टाकून राह्यला, उद्या तुह्या लेकराच्या टाळूवर टाकन बेचाळीस..."

महामाया हसली. कळेत हसणं काय असतं ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक, पण ती हसली, अंग सैल पडलं, आणि सिस्टर म्हणाली, "आलं. हळू. आलं." कलाबाईचं बोलणं मोतीरामच्या सुनेच्या लिफ्टवर पोचलं होतं, तेवढ्यात खालून दुसराच एक आवाज निघाला, तिच्याहून चढा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कलाबाईला बोलता-बोलता गप्प केलं.

मुलगी होती. सिस्टरनं तिला ओलीच आईच्या छातीवर दिली. महामायेचा एक हात अजून कलाबाईच्या गळ्यात होता.

*

दुपारी रमाकांत बाबू फॉर्म घेऊन व्हरांड्यात आले. बाळाचं वजन दोन किलो नऊशे, वेळ एक वाजून दहा. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोबतिणीचं काम. पाठ चोळणे, श्वास, पाणी देणे. यातलं काय लिहू?"

"पाठ ईनबाईनं चोळली. तिचं तिले द्या," कलाबाई बाजेवर बसून मान चोळत म्हणाली. "माहं लिहा, झाड."

"असा रकाना नाही."

"मंग करा. तुमचा हात कोणी धरला?"

"झाड बोलतं का कुठं?" बाबू म्हणाले.

"हे बोलते," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

रमाकांत बाबूंनी थोडा विचार केला. मग 'इतर' असं होतं तिथं त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: झाड. हाताला सवय तीस वर्षांची, त्यामुळे पुढचं आपोआप उमटलं: नग एक, अनुक्रमांक बेचाळीस.

आणि सही करा म्हणाले.